आठ दिवसांत खोली खाली करायला सांगितलंय, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. मदत कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं राहताय, करार तोंडी, तीन महिन्यांचं भाडं थकलंय आणि मालक म्हणतोय आठ दिवसांत सामान उचला. महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरात आहात असं धरून सांगतो.

आधी हे: खोली सोडू नका, किल्ली कुणाच्या हातात देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नको. आठ दिवस हे मालकाचं म्हणणं आहे, कोर्टाचं नाही. भाडं थकलेलं असलं तरी राहत्या माणसाला बाहेर काढायचं तर मालकाला कोर्टातूनच यावं लागतं.

वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती असते. आम्हाला ते सापडायला अर्धा दिवस गेला होता, कारण पाटी झेरॉक्सवाल्याच्या ताडपत्रीमागे झाकलेली. गेटवर काळ्या कोटातल्या कुणाला विचारू नका, तो स्वतःचं कार्ड हातात ठेवतो. कोर्टाच्या शिपायाला विचारा. फोन करायचा तर १५१००. १९८७च्या विधी सेवा कायद्यात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. आमची खोली आईच्या नावावर होती, म्हणून आम्हाला उत्पन्नाचा दाखला लागलाच नाही. तुम्हाला लागणार असेल तर तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आजच टाका, त्यात दिवस जातात.

आमची गोष्ट थोडक्यात. वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी दोन महिने भाडं राहिलं. तिसऱ्या महिन्यात आई पूर्ण रक्कम घेऊन गेली तर मालकांनी घेतलीच नाही. थकबाकी फुगली तर त्यांना हवीच होती, हे आम्हाला नंतर कळलं. विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाई म्हणाल्या, "आता हातात नेऊन देऊ नका, मनिऑर्डर करा." ती परत आली. फॉर्मवर पोस्टमनने लाल शाईत तिरकं लिहिलं होतं, 'घेण्यास नकार'. बाईंनी तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. पुढे मालकांचे वकील थकबाकीवर बोलायला लागले की त्या नुसती फाइल उघडायच्या.

तुम्ही यूपीआयने पाठवा आणि शेऱ्यात 'अमुक महिन्याचं भाडं' असं लिहा. जमेल तेवढं पाठवा, पण पाठवा. त्यांनी परत केलं तर तोही पुरावाच.

करार लेखी नाही म्हणून घाबरलात, पण तो लेखी करून नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. आणि थकबाकीसाठी कलम १५: आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस थांबायचं, त्यानंतरच दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकलेलं भाडं १५ टक्के सरळव्याजासह भरलंत, खर्च दिलात आणि पुढचं भाडं नियमित चालू ठेवलंत, तर थकबाकीच्या कारणावरून घर काढून घेता येत नाही. मालकाला स्वतःसाठी जागा हवी वगैरे कारणं वेगळी, ती वकिलाशी बोला.

ज्यांचा अकरा महिन्यांचा नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स आहे त्यांनी मात्र वरच्या ९० दिवसांवर विसंबू नये. मुदत संपली की त्यांची बाजू लंगडी पडते. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो, समन्स आल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही तर निकाल मालकाचा, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई बसू शकते.

पाणी, वीज तोडली तर कलम २९ खाली कोर्टात अर्ज होतो. पोलीस बहुधा "दिवाणी मामला आहे" म्हणतील. तरी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सामान बाहेर फेकलंच तर ताबा परत मिळवायला १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत.

विधी सेवावाले वकील देतात, भाड्याचे पैसे देत नाहीत. पण दावा दाखल व्हायच्या आधीही ते दोघांना बोलावून मध्यस्थी करतात, आणि थकबाकीचे हप्ते तिथे लेखी ठरतात. माझ्या मते तुमचं प्रकरण तिथेच मिटावं. चार वर्षं टिकून राहिलेला भाडेकरू मालकालाही सहजी मिळत नाही. अगदीच रस्त्यावर यायची वेळ आली तर महापालिकेचे रात्र निवारे आहेत. बाई एकटी असेल किंवा घरात मारहाण असेल तर १८१ला फोन करा, ते सखी वन स्टॉप सेंटरला जोडून देतात.

विधी सेवेच्या ऑफिसात जाताना लाइट बिल, त्या पत्त्याचं आधार, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेचा बोनाफाईड, भाडं पाठवल्याचे जुने मेसेज, असतील नसतील ते सगळे कागद न्या. दोन-दोन झेरॉक्स बाहेरूनच काढून घ्या. आणि साडेदहाच्या आत पोचा, अकराला वकील मंडळी कोर्टात शिरली की दुपारपर्यंत हाती लागत नाहीत.