गूसचं गीस, मग मुंगसाचं काय?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत, सेमी-इंग्रजीला आहे. 'फूट'चं 'फीट' होतं म्हणून त्याने 'बुक'चं अनेकवचन 'बीक' लिहिलं आणि गुण गेले. आता विचारतो, 'गूस'चं 'गीस', तर 'माँगूस'चं 'माँगीस' का नाही? त्याला काय सांगू? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी त्याची पाठ थोपटा. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात एक पुस्तक म्हणजे 'बोक' आणि अनेक पुस्तकं म्हणजे 'बेच' होतं. स्वर बदलायचा हे त्याने बरोबर हेरलं.

तो बदलायचा का? इंग्रजी लिहिली जाऊ लागण्याच्याही आधी अशा शब्दांच्या अनेकवचनात शेवटी 'इ' यायची. ती म्हणायच्या तयारीत जीभ आधीच्या स्वरातच पुढे सरकू लागली. तुम्ही 'ओ' आणि लगेच 'ए' म्हणून बघा, जीभ पुढे गेलेली कळेल. कालांतराने शेवटची 'इ' गळाली, बदललेला स्वर तेवढा उरला. पाय, दात, उंदीर, ऊ, माणूस हे रोज तोंडात असलेले शब्द तसेच टिकले. 'बुक' मात्र 'एस'च्या वाटेला गेलं.

'एस' तेव्हाही होता, पण अनेक प्रत्ययांतला एक. 'ऑक्सन'मधला 'एन' हा त्याचा तगडा प्रतिस्पर्धी. 'चिल्ड्रन'मध्ये तर आधी 'चिल्डर' झालं, त्यावर पुन्हा 'एन' चढला. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 मध्ये एका प्रस्तावनेत लिहिलंय, की वारा पडला म्हणून टेम्स नदीत अडकलेले व्यापारी किनाऱ्यावर उतरले. एकाने एका बाईकडे अंडी मागितली, 'एगेस' म्हणून. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. दुसऱ्याने 'एयरन' मागितली, तेव्हा कुठे तिला उमगलं. एकाच देशात, एकाच काळात, अंड्यांची दोन अनेकवचनं.

आणि 'माँगूस' तर आपलंच मुंगूस! इंग्रजीने तो शब्द मराठीतून उचलला, सतराव्या शतकात. 'गूस'शी त्याचं काही नातं नाही, शेवटचा आवाज तेवढा जुळला. तोवर 'एस'चा अंमल पक्का झाला होता, म्हणून 'माँगूसेस'.

हे शब्द 'अपवाद' म्हणून नुसते पाठ करून घेणं मला मुळीच पटत नाही. मुलं कारण विचारतात आणि कारण असतं. परीक्षेत मात्र 'बुक्स'च लिहायला सांगा.

प्रश्न : दुकानाच्या पाटीवर 'फर्निचर्स' लिहिलं तर चालेल का? – एक दुकानदार, चिपळूण

उत्तर : नको. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस यांना 'एस' लागत नाही. एकच खुर्ची सांगायची तर 'अ पीस ऑफ फर्निचर'. पाटी रंगवायला दिली असेल तर आजच फोन करा.