जुनी माउंटन सायकल रंग काढून नवी करून घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की शाळेपासूनची माउंटन सायकल आहे, सगळा रंग काढून पावडर कोटिंग आणि नवं क्रोम करावं का, आणि खर्च किती येईल.

करू नका. रंगाला आणि क्रोमला हातच लावू नका.

माझी हिरो रेंजर बाबांनी 1994 च्या जूनमध्ये घेऊन दिली, अकरावीला. दुकानातून ती इंदूरला रामबागेत घरी न आणता आम्ही सरळ राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात नेली. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसं बाबांनी हँडलवर माझं नाव घालून घेतलं. गोल नळीवर सुई घसरत होती, म्हणून त्यांनी हँडल दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. तरी एक वेलांटी लांबलीच. खाली तारीख, 12-6-94. पुढे त्या सायकलवर पाताळपाणी झालं, चोरल झालं, एकदा जानापावही. गिअर नव्हते. चढाला उभं राहून पेडल मारताना अंगठा बरोबर त्या अक्षरांवर यायचा.

2011 मध्ये बाबा गेले. मी तेव्हा पुण्याला नोकरीत. मला बरं वाटावं म्हणून दादानं ती सायकल एका रंगवाल्याकडे टाकली. दिवाळीला आलो तर अंगणात लालभडक सायकल उभी, हँडल आरशासारखं. मी आधी अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. नवं क्रोम चढवायचं तर जुना थर काढून नळी बफिंगला धरतात, सुईनं घातलेलं नाव त्यात कुठून टिकणार? फ्रेमवर पावडर 180-200 अंशांना भाजतात. त्या माणसानं आटे बुजवलेच नव्हते, त्यामुळे रंग आट्यांत पक्का झाला आणि पेडलच्या एक्सलची वाटी बसवताना आटेही गेले.

दादा अजून म्हणतो, चकाचक तर झाली ना! आणि वर विचारतो, मग टायर का बदललेस, तेही जुनेच होते की. दादा, टायर झिजायलाच असतो. बाबांनी टायर धरला नव्हता, हँडल धरलं होतं.

म्हणून सांगतो, जे बाजारात नवं मिळतं ते खुशाल बदला. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, सगळे छर्रे. चेन बदललीत तर फ्रीव्हीलही बदला, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते. जे परत मिळणार नाही ते नुसतं पुसा. रॉकेलनं सगळं धुऊन ग्रीस भरा, नीट ओव्हरऑइल झालं की सायकल अर्धी जिवंत होते. क्रोमवरच्या गंजाला डब्याची ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, ओरखडे येत नाहीत. सीटची दांडी अडकली असेल तर हातोडी नको, पातळ तेल सोडून दोन-चार दिवस थांबा. टायर घेताना पूर्ण आकडा वाचा. 26 × 1.95 आणि 26 × 1⅜ दोन्ही 26च म्हणवतात, पण पहिला 559 मिलिमीटरच्या रिमवर बसतो आणि दुसरा 590 च्या. दुकानदार हातात येईल ते देतो.

आणि कारागिराकडे द्यायच्या आधी हँडल, फ्रेम, चेनकव्हर स्वतः पुसून बघा. स्टिकर, खरवडलेलं नाव, काहीही असेल त्याचा फोटो काढून ठेवा आणि त्याला बोट लावून दाखवा की इथे हात लावायचा नाही.

एक मात्र आहे. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याजवळ किंवा पेडलच्या एक्सलपाशी जोडावर तडा असेल, किंवा गंजानं नळीला भोक पडलं असेल, तर ती चालवू नका, रंग असो वा नसो. आणि जिथं रंग उडून लोखंड उघडं पडलंय तेवढ्याच जागेवर प्रायमर लावलात तर माझी हरकत नाही. खर्चाचं म्हणाल तर रंग आणि क्रोम वगळल्यावर टायर, चेन आणि मजुरी एवढंच उरतं, ते तुमच्या गल्लीतला सायकलवाला उभ्या उभ्या सांगेल.