न्यू जर्सीत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या माणसाला बंदूक घेता येते का, आणि ती बाळगण्याचे व चालवण्याचे नियम काय आहेत?

आपण विचारले आहे की, ग्रीन कार्ड नुकतेच मिळाले आहे, राहणे मिडलसेक्स काउंटीत आहे, घरात संरक्षणासाठी एक पिस्तूल असावे असे वाटते आणि चौदा वर्षांच्या मुलीला नेमबाजी शिकायची आहे. परंतु या राज्याचे कायदे फार कडक आहेत असे जो तो सांगतो, तेव्हा बंदूक घेता येईल का, आणि घेतलीच तर काय सांभाळावे लागेल.

घेता येते. मी स्वतः पहिले पिस्तूल घेतले तेव्हा नागरिक झालो नव्हतो, ग्रीन कार्डावरच होतो. मी वकील नाही, त्यामुळे पुढचे सगळे एका परवानाधारकाचे सांगणे म्हणून वाचावे. माझे मत असे आहे की, इथली खरेदीची प्रक्रिया कंटाळवाणी असली तरी सरळ आहे. खरा कस लागतो तो बंदूक घराच्या उंबऱ्याबाहेर नेताना. अजून नागरिक न झालेल्या माणसाने तर तोच भाग आधी समजून घ्यावा आणि दुकानाची पायरी नंतर चढावी.

आपल्या घरात कोण कोण कोणत्या व्हिसावर आहे, हे सर्वांत आधी बघा. संघराज्याच्या कायद्याने १९९८ पासून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. त्यात एच-वन-बी आले, विद्यार्थी आले आणि भेटीला आलेले आईवडीलही आले. ज्याच्याकडे अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना आहे, त्याच्यासाठी एक अपवाद कायद्यात आहे; परंतु त्याच्या भरवशावर वकिलाला न विचारता पाऊल टाकू नये. ‘बाळगणे’ याचा अर्थ मालकी असणे एवढाच होत नाही, रेंजवर पाच मिनिटे हातात घेणेही त्यात येते. आपल्याकडे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, घरात बसून कंटाळतात आणि मग ‘बाबांना जरा रेंजवर नेऊन आणू’ अशी टूम निघते. ती मुळीच काढू नये. त्यात बाबाही अडकतील आणि त्यांच्या हातात बंदूक देणारे आपणही. तसेच पत्नी किंवा पती अजून व्हिसावर असेल, तर तिजोरीची किल्ली वा आकडे त्यांच्याकडे असता कामा नयेत.

आता प्रक्रिया. रायफल आणि शॉटगनसाठी एफआयडी कार्ड, म्हणजे बंदूक खरेदीसाठीचे राज्याचे ओळखपत्र, लागते, आणि पिस्तुलासाठी त्याशिवाय प्रत्येक नगाला एक स्वतंत्र परमिट लागते. लांब बंदुकीसाठी वय १८ आणि पिस्तुलासाठी २१ पूर्ण असावे लागते. अर्ज स्टेट पोलिसांच्या ऑनलाइन व्यवस्थेत भरायचा असला तरी निर्णय आपल्या गावच्या पोलीस प्रमुखाचा असतो. २०२२ च्या डिसेंबरमधल्या कायद्याने कार्डाचे शुल्क ५ डॉलरवरून ५० आणि परमिटचे २ वरून २५ झाले. बोटांचे ठसे वेगळे द्यावे लागतात. इमिग्रेशनला दिलेले इथे चालत नाहीत. नात्यातले नसलेले दोन संदर्भ द्यायचे असतात आणि आपल्या व्यसनांविषयी व मनःस्थितीविषयी त्यांच्याकडे विचारणा होते, म्हणून ज्यांची नावे देणार त्यांना आधी कल्पना द्यावी. मराठी मंडळातल्या एखाद्या ज्येष्ठ गृहस्थांना पोलिसांकडून अचानक अशी ईमेल गेली, तर ते ती उघडणारही नाहीत आणि आपला अर्ज तिथेच पडून राहील.

मानसिक आरोग्याची माहिती पाहण्यास संमती द्यावी लागते आणि पूर्वी उपचार घेतले आहेत का, हा प्रश्नही असतो. आपले लोक इथे बिचकतात आणि ‘नाही’ लिहून मोकळे होतात. नोकरी गेल्यावर समुपदेशकाकडे चार वेळा गेल्याने अर्ज बाद होतोच असे नाही, परंतु ते लपवून खोटे लिहिले तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. खरे लिहावे आणि डॉक्टरांचे पत्र जोडावे. निर्णयासाठी कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. काही गावे ती पाळतात आणि काही गावांना ती आपल्याला लागू आहे असे वाटतच नाही.

परमिट ९० दिवस चालते, तेवढीच मुदतवाढ मागता येते, आणि ३० दिवसांत एकाहून अधिक पिस्तूल घेता येत नाही. दुकानात संघराज्याचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नाव पूर्ण, मधल्या नावासह हवे असते, आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये लावण्याची आपली पद्धत इथे चांगलीच नडते. ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसते अक्षर, ग्रीन कार्डावर पूर्ण नाव आणि परमिटवर तिसरेच, असे असेल तर काउंटरवरचा माणूस मान हलवून कागद परत देतो. अर्जापूर्वीच सर्व ठिकाणी नाव एकसारखे करून घ्यावे. याच फॉर्मवर गांजाविषयी प्रश्न आहे. न्यू जर्सीत २०२२ पासून गांजा प्रौढांना दुकानात उघड मिळतो हे खरे, पण राज्याने मुभा दिल्याने संघराज्याच्या मनाईत फरक पडत नाही, अशी सूचना त्या प्रश्नाजवळच छापलेली आहे.

एवढे झाले की बंदूक आपली. इथून पुढे भारतातला अनुभव उपयोगी पडत नाही, उलट दिशाभूल करतो. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर वाडीत एखादी ठासणीची बंदूक असते. निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. तिथे परवाना बंदुकीला चिकटलेला असतो, म्हणजे परवाना चालू आहे तोवर मालक निर्धास्त. न्यू जर्सीत खरेदीचे परमिट खरेदीबरोबर संपते आणि पुढे सगळे अवलंबून राहते ते बंदूक कोणत्या जागी आहे यावर. राज्याच्या कायद्याची रचनाच अशी आहे की, आधी पिस्तूल बाळगणे हा गुन्हा ठरवला आहे आणि मग त्याला सवलती दिल्या आहेत: स्वतःचे घर, स्वतःच्या धंद्याची जागा, स्वतःची जमीन, रेंज, दुकान, आणि या ठिकाणांमधला रस्ता. रस्त्यावर ती रिकामी आणि बंद केलेल्या पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत असली पाहिजे, आणि वाट वाकडी करायची तर ‘परिस्थितीनुसार वाजवी गरजेपुरतीच’. पेट्रोल भरणे वाजवी असेल, जेवणही असेल. परंतु वाजवी म्हणजे किती, हे रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाशी घालण्याच्या वादाचा विषय नाही. मी रेंजवरून आलो की आधी घरी येतो, पेटी तिजोरीत जाते, आणि मगच ओक ट्री रोडवरच्या वाणसामानासाठी पुन्हा बाहेर पडतो. मुलांना हे अती वाटते. वाटू दे.

हा निव्वळ बागुलबुवा नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक महिला अटलांटिक काउंटीत रहदारी पोलिसांनी थांबवल्यावर, आपल्याकडे पिस्तूल आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे, असे स्वतःहून सांगून मोकळी झाली. तो परवाना न्यू जर्सी मानत नाही. पूर्वी कोणताही गुन्हा नसताना तिच्यावर असा खटला उभा राहिला की, दोषी ठरली असती तर ग्रेव्हज कायद्याखाली किमान साडेतीन वर्षे पॅरोलविना तुरुंगात काढावी लागली असती. शेवटी गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी २०१५ मध्ये तिला माफी दिली. त्याआधी २००५ मध्ये युटाहचा एक प्रवासी पुढचे विमान चुकल्यामुळे नेवार्कला एक रात्र हॉटेलात राहिला. बंदूक सामानात रीतसर नोंदवलेली आणि कुलपात होती. दुसऱ्या दिवशी विमानतळावर ती पुन्हा नोंदवायला गेला आणि तिथेच अटक झाली. फौजदारी खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्याने भरपाईसाठी केलेला दावा अपील न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. राज्यांमधून बंदूक सुरक्षित नेण्याचे संघराज्याचे संरक्षण त्याला मिळाले नाही, कारण रात्रभर हॉटेलात ती त्याच्या हाताशी होती.

ही दोघेही अमेरिकी नागरिक होती. ग्रीन कार्डधारकाच्या बाबतीत बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल शिक्षा झाली, तर तेवढ्यावरून देशाबाहेर पाठवण्याची कारवाई होऊ शकते, आणि त्यासाठी गोळी सुटलेली असावी लागत नाही. म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या मित्राकडे पिस्तूल घेऊन जाण्याची, किंवा त्याच्याकडून परस्पर विकत घेण्याची कल्पना आपण नागरिक होईपर्यंतच नव्हे, कायमचीच सोडून द्यावी. दुसऱ्या राज्यातले पिस्तूल आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदारामार्फतच घेता येते.

वस्तूंच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. मॅगझिनमध्ये १० हून अधिक गोळ्या मावता कामा नयेत. ही मर्यादा २०१८ मध्ये १५ वरून खाली आली. टेक्सासातून बदली होऊन आलेले लोक बहुधा इथेच फसतात, कारण पिस्तुलाची नोंद करायचे त्यांच्या लक्षात असते, पण त्याच्याबरोबर आलेली मोठी मॅगझिने डब्यात तशीच राहतात. पोकळ टोकाची गोळी घरात आणि रेंजवर चालते, पण एरवी अंगावर बाळगता येत नाही. सायलेन्सरला बंदी आहे. रायफल घेताना असॉल्ट प्रकारच्या बंदुकांवर राज्याने घातलेल्या १९९० च्या बंदीची यादी पाहावी. ती वाचताना कधीकधी हसू येते, कारण दुसऱ्या महायुद्धातली एम-वन कार्बाइन तिच्यात आहे आणि तिच्याहून ताकदवान एम-वन गारंड नाही. अनेक नियमांवर न्यायालयात खटले चालू असतात. निकाल लागून नियम प्रत्यक्ष बदलेपर्यंत जुनाच नियम धरून चालावे. अंगावर पिस्तूल बाळगण्याचा परवाना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर सामान्य माणसालाही मिळू लागला आहे, त्याचे शुल्क २०० डॉलर आहे आणि तो दोन वर्षे चालतो. पण आपण विचारलेल्या कामासाठी त्याची गरज नाही. मुलगी घरात असल्याने भरलेली बंदूक नीट बंदोबस्तात न ठेवल्यामुळे तिच्या हाती लागली, तर तो आपला गुन्हा ठरतो, तेव्हा तिजोरी पिस्तुलाच्या आधी विकत घ्यावी.

मुलीविषयी मात्र मला अधिक उत्साहाने लिहावेसे वाटते. आपण कदाचित असे धरून चालला असाल की, तिच्यासाठी छऱ्यांची एअर रायफल घेणे सोपे, कारण भारतात ०.१७७ ची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते आणि कोल्हापूर-पुण्यातली मुले तिच्यावरच सुरुवात करतात. न्यू जर्सीत एअर रायफल कायद्याने बंदूकच आहे. ती घ्यायला एफआयडी कार्ड लागते, एअर पिस्तुलाला तर पिस्तुलाचेच परमिट लागते, आणि अनेक ऑनलाइन विक्रेते न्यू जर्सीचा पत्ता दिसला की मागणी घेतच नाहीत. मग दुकानदाराच्या पत्त्यावर मागवावी लागते. परंतु अठरा वर्षांखालील मुलांना आईवडिलांच्या किंवा कार्डधारक प्रौढाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, तसेच मान्यताप्राप्त रेंजवर सराव, शिक्षण व स्पर्धा यांसाठी बंदूक हाताळता येते. ही वाट अगदी राजरोस आहे.

म्हणून मी आपल्या जागी असतो, तर पिस्तुलाचा विचार बाजूला ठेवून आधी नुसत्या एफआयडी कार्डाचा अर्ज केला असता आणि तो मंजूर होईपर्यंत जवळचा ज्युनिअर रायफल क्लब शोधला असता. अशा क्लबांत सुरुवातीला रायफल, जाड कॅनव्हासचे जॅकेट आणि हातमोजा बहुधा क्लबचाच मिळतो, त्यामुळे मुलीचा उत्साह टिकतो की नाही हे कळेपर्यंत आपला खर्च होत नाही. पुढे तिला ५० मीटरकडे वळायचे झाले, ज्यात तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तर त्यासाठी लागणारी एकेक गोळी भरायची .२२ रायफल त्याच कार्डावर घेता येते आणि बंदीच्या यादीशी तिचा काही संबंध येत नाही. इथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत एअर रायफल आणि .२२ असे दोन्ही प्रकार असतात. क्लबमध्ये पहिल्या दिवशी मात्र तिच्याबरोबर आपणच जावे, आजोबा भेटीला आलेले असतील तर त्यांना प्रेक्षकांच्या खुर्चीत बसवावे, आणि रायफल त्यांच्या हातात कोणी कौतुकाने देऊ नये एवढे प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवावे.