पिल्लं सोडायला यायचंय म्हणतेस, तर आधी हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. कॉलेज संपलं की कोकणात येऊन कासवांसाठी काम करायचंय म्हणतेस, बरं वाटलं. पण सगळ्या मेसेजभर "पिल्लं सोडायला, पिल्लं सोडायला" एवढंच आहे म्हणून जरा लांबलचक उत्तर लिहितोय. पिल्लं सोडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे गं, फोटोही झकास येतात. खरी गोम वेगळीच आहे, जीव नक्की कशाने मरतोय ते आधी हुडकायचं आणि तिथेच हात घालायचा.

गिधाडांचं बघ. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० नंतर दीडेक दशकात देशातून ९९ टक्क्यांहून जास्त गेली, आणि कारण काय निघालं, तर गुरांना टोचायचं डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखणं कमी करायचं औषध! मेलेल्या गुराच्या मांसातून ते पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी. २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हरयाणात पिंजोरला गिधाडं पाळून वाढवली, आपल्याकडे म्हसळ्याजवळ चिरगावला घरटी राखली, सगळं मोलाचंच, पण औषध गुरांच्या अंगात जातच राहिलं असतं तर त्या पिल्लांना खायला तेच विषारी मढं मिळालं असतं ना. त्यात जोडी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणजे भरून यायला किती काळ लागेल तूच बघ.

कासवाचं गणित उलटं. ऑलिव्ह रिडले मादी एका वेळी शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी घालते, पण हजार पिल्लांत एखादंच मोठं होतं असं धरतात. आपल्या किनाऱ्यावर पहिला घाव अंड्यांवर होता, माणसं नेऊन खायची-विकायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात काम धरलं ते इथेच, अंडी राखायची आणि राखणारे गावातलेच हवेत. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरोघरी राहायला लागले, चार पैसे गावात आले. बाहेरून येऊन नुसतं ज्ञान पाजळणाऱ्यांना हे जमलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे, राग मानू नकोस.

आता तुझं काम काय असेल ते सांगतो. पहाटे किनारा चालायचा, ओल्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसतो, तो वर सुरूच्या बनाकडे जातो आणि परत पाण्यात उतरतो. वर जिथे वाळू उकरून परत दाबल्यासारखी दिसते तिथे हलक्या हाताने चाचपायचं, मऊ लागली की घरटं. अंडी पिंगपाँगच्या बॉलएवढी, पांढरी, कवच चामड्यासारखं. ती होता होईल तेवढी लवकर हलवायची, कारण काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि मग अंडं नुसतं फिरवलं तरी तो मरू शकतो. म्हणून एकेक अंडं न फिरवता उचलायचं, मोजायचं, खाली थोडी त्याच घरट्यातली वाळू घालायची, आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपण घातलेल्या जागेत, तसाच तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद, साधारण दीड फुटाचा खड्डा करून पुरायचं. तारीख आणि आकडा वहीत, लगेच, नंतर लिहू म्हटलं की राहतंच. पुढे दीड-दोन महिने वाट बघायची. वाळू तापली तर माद्या जास्त होतात, फार तापली तर अंडी मरतात, म्हणून उन्हाळ्यात वर सावलीची जाळी धरावी लागते. पिल्लं निघायची वेळ आली की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उघडून बघतात, तुझे फोटो तेव्हा काढ.

पण एवढं करूनही मोठी कासवं जाळ्यात मेली तर पाणी गळक्या घागरीत. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की बुडून मरतं. तेव्हा तांडेलांशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांशी, बोलायला शिक. २०१८ च्या शेवटापासून संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, पण फोटो-व्हिडिओ लागतो, हे बऱ्याच खलाशांना नीट माहीतच नसतं. मासेमाऱ्याला व्हिलन समजायचं नाही हं, त्याचं जाळं म्हणजे त्याची चूल.

आणि आकड्यांच्या नादी लागू नकोस. या मोसमात इतकी पिल्लं सोडली हे ऐकायला छान, पण ती मोठी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तोवर कळत नाही काही. टॅग, म्हणजे कासवाला लावलेले नंबराचे बिल्ले, याच्यासाठी असतात. २०२१ मध्ये ओडिशात वल्ह्यासारख्या पायाला टॅग लावलेली मादी, नंबर ०३२३३, जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली! दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी असं धरून चालणाऱ्यांना तिने पुन्हा विचार करायला लावला. असा एक नंबर वाचायला मिळावा म्हणून किती माग तुडवावे लागतात ते तू आल्यावर कळेलच.

डिसेंबर-जानेवारीत ये. लाल प्रकाशाचा टॉर्च आण, पांढरा नको, पिल्लं उजेडाकडे वळतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाईलमध्ये ठेव, आणि हॅचरीत काम करायला वनखात्याची परवानगी लागते, कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे कागद आधी कर. राहायची सोय गावात होईल, मासे खात नसशील तर आधीच कळव.

तुझा,
काका