बँडसॉ चालवताना बोटं कशी सांभाळायची, आणि त्याचं ब्लेड सारखं का तुटतं?

तुम्ही लिहिलंय की १४ इंची चाकांचा बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत) घेऊन तीन महिने झाले, आंब्याच्या लाकडाचे ट्रे आणि मुलांची खेळणी करता, अर्धा इंची ब्लेड पंधरा-वीस दिवसांत तुटतं, आणि ते तुटतानाचा धाडकन आवाज ऐकल्यापासून मशीनजवळ उभं राहायचीच भीती वाटते. मी कुडाळजवळ माझ्या छोट्या कारखान्यात अठरा वर्षं याच मापाचं मशीन चालवतोय. तुम्ही बोटांची काळजी आणि ब्लेडची निगा असं वेगवेगळं विचारलंय. माझ्या मते हे एकच दुखणं आहे. धार गेलेलं ब्लेड लाकूड खात नाही, म्हणून माणूस जोर लावतो. आणि जोर लावलेला हात लाकूड संपलं तरी थांबत नाही.

माझ्या डाव्या अंगठ्यावर सात टाक्यांची खूण आहे, ती अशीच झाली. फणसाच्या फळ्या पाडत होतो, संध्याकाळ झाली होती, ब्लेड दुपारपासूनच बोथट लागत होतं. शेवटचीच फळी आहे म्हणून बदललं नाही. छातीचा भार देऊन ढकलत असताना लाकडात आतून असलेली चीर उघडली, फळी एकदम दुभंगली आणि अंगठा सरळ दात्यांवर गेला. हाड वाचलं. त्या दिवसापासून बोथट ब्लेडवर ‘शेवटचा तुकडा’ मी कापत नाही.

बँडसॉवर लोक गाफील राहतात याला कारण आहे. गोल करवतीसारखं हे मशीन लाकूड उचलून अंगावर फेकत नाही, कारण इथे दाते लाकडाला खाली टेबलावर दाबत जातात. त्यामुळे ते गरीब वाटतं. पण १४ इंची चाक मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरत असेल तर ब्लेडचा वेग सेकंदाला साधारण १७ मीटर होतो. बोट लागलं हे मेंदूला कळेपर्यंत ते कापलेलं असतं. म्हणून हात कुठे ठेवायचा हे मशीन चालू करण्याआधी ठरवा. ब्लेडच्या रेषेत समोर कधीच बोट नको. एक हात रेषेच्या डावीकडे, एक उजवीकडे. शेवटचे चार इंच उरले की हात बाजूला आणि ढकलायला काठी. ही काठी मी टाकाऊ प्लायची करतो, टोकाला खाच पाडून. दोन-तीन करून ठेवा आणि टेबलाजवळच खिळ्याला टांगा. शोधावी लागली तर माणूस ती घेत नाही.

वरचं गाईड, म्हणजे ब्लेडला दोन्ही बाजूंनी सरळ ठेवणारा भाग, लाकडापासून जेमतेम पाव इंच वर राहील इतकं खाली आणा. प्रत्येक जाडीच्या लाकडाला पुन्हा. याचा कंटाळा येतो, पण जितकं ब्लेड उघडं तितकी बोटाला जागा, शिवाय लांब उघडं ब्लेड वाकतं आणि काप तिरका जातो.

खेळणी करताय म्हणून गोल लाकडाबद्दल वेगळं सांगतो. दांडका, फांदीचा तुकडा, बाहुलीचं गोल अंग, असलं काहीही नुसतं हातात धरून आडवं कापू नका. दाते त्याला खाली खेचतात, ते आपल्याच भोवती फिरतं, आणि धरणारी बोटंही त्याच्याबरोबर आत जातात. ब्लेड वाकतं किंवा तुटतं ते वेगळंच. एका जाड फळीला इंग्रजी व्ही आकाराची लांब खोबण पाडा, गोल तुकडा तिच्यात घट्ट बसवा आणि खोबणीसकट पुढे सरकवा. आमच्याकडे ही फळी मशीनइतकीच जुनी आहे.

वीज गेली तर आधी स्विच बंद करायचा, मग बाकी सगळं. आपल्याकडे लाईट जाते आणि न सांगता येते. साधा खटका असेल तर मशीन आपोआप सुरू होतं आणि तेव्हा तुमचा हात टेबलावर भुसा झाडत असतो. ज्यात वीज गेल्यावर कॉन्टॅक्टर सुटतो आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही, असा स्टार्टर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. अर्थिंगही त्याच दिवशी तपासून घ्या. ब्लेड बदलताना नुसता स्विच बंद करणं पुरत नाही, प्लग काढायचा. बंद केल्यावरही चाकं बराच वेळ फिरत राहतात, तोवर टेबलावरचा तुकडा उचलू नका आणि ब्लेडला लाकूड दाबून ते थांबवू तर मुळीच नका.

हातमोजे घालू नका, दाता मोज्याचा धागा पकडतो आणि अख्खा हात ओढतो. अंगठी, मनगटाचा गंडा, लोंबती बाही, ओढणी, मोकळे केस हेही तसंच. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर चांगला मास्क हवाच. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. नाकाच्या आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आपल्या सुतारांना हे कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ब्लेडकडे येतो, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

१४ इंची मशीनचं ब्लेड सुमारे ९३ इंच लांब असतं. वर सांगितलेल्या वेगाने ते सेकंदाला सात फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीत दोनदा, वरच्या चाकावर आणि खालच्या चाकावर, ते वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. तासाला हे पन्नास हजार वेळा होतं. लोखंडी तार हाताने वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. पातळ पत्रा हे वाकणं सोसतो, जाड पत्र्याला लवकर तडा जातो. जुना ठोकताळा असा की ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असावी. १४ इंचाला तो हिशेब ०.३५ मिलिमीटरचा, बाजारात मिळतात ती ०.५ ते ०.६५ची, आणि ती चालतात. पण काही ठिकाणी वखारीच्या मोठ्या मशीनसाठी आणलेल्या ०.९ मिलिमीटरच्या गुंडाळीतून तुकडा तोडून, जोडून छोट्या मशीनला दिला जातो, ‘जाड आहे, टिकेल’ असं सांगून. तो टिकत नाही. तुमचं ब्लेड व्हर्नियरने मोजा.

दुसरी गोष्ट रुंदीची. अर्धा इंची ब्लेड अडीच इंचांपेक्षा लहान त्रिज्येचं वळण घेऊ शकत नाही. खेळण्यातल्या हत्तीची सोंड त्याने वळवायला जाल तर ब्लेडला पीळ बसतो, मागची कड लाकडात रुतते, आणि मग एक दिवस धाडकन. बारीक वळणांना पाव इंची लावा, ते पाऊण इंचाच्या आसपासची त्रिज्या घेतं. ट्रेच्या सरळ कापांना अर्धा इंची राहू द्या. ब्लेड बदलायला पाच मिनिटं लागतात म्हणून एकावरच सगळं करायचा मोह होतो, त्यातच पैसे जातात. वळण फारच अवघड असेल तर आधी टाकाऊ बाजूने दोन-तीन सरळ काप देऊन ठेवा, म्हणजे वळताना तुकडे गळून पडतात आणि ब्लेडला जागा मिळते. अडकलात तर मशीन चालू ठेवून लाकूड मागे ओढू नका, ब्लेड चाकांवरून उतरतं. बंद करा, चाकं थांबू द्या, मग हलकेच मागे घ्या.

दात्यांचा हिशेब सोपा आहे: लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते असावेत. पातळ लाकडाला बारीक दाते, जाड लाकडाला मोठे. जाड ओंडक्याला बारीक दात्यांचं ब्लेड लावलं तर खाचा भुशाने भरतात, ब्लेड तापतं, लाकूड करपतं.

गाईड ब्लेडच्या दोन्ही बाजूंना कागदाच्या जाडीइतकं दूर ठेवा, आणि दात्यांच्या खाचांच्या मागे. पुढे आलं तर ते दात्यांचा फाकच (दाते डावी-उजवीकडे वाकवलेले असतात तो) मोडतं. मागचं बेअरिंग, म्हणजे ब्लेडच्या पाठीला आधार देणारं छोटं चाक, रिकाम्या मशीनला ब्लेडला टेकता कामा नये, लाकूड आत जाताना टेकायला हवं. ताण बघायला मशीनच्या खुणेवर विसंबू नका. प्लग काढून गाईड सहा इंच वर घ्या आणि बोटाने ब्लेड बाजूने दाबा. मध्यम जोराला पाव इंच हललं तर ठीक. काम संपलं की ताण सैल करायचा. रात्रभर ताणून ठेवलेलं ब्लेड चाकाच्या रबरात रुततं आणि स्प्रिंगही मरते. मी ताण उतरवल्यावर ‘ताण सैल’ लिहिलेली पाटी स्विचवर अडकवतो, म्हणजे सकाळी दुसरं कुणी तसंच चालू करत नाही.

चालू मशीनमधून ठरावीक लयीत ‘टक् टक्’ आवाज आला तर लगेच बंद करा. ब्लेडच्या पट्टीची दोन टोकं जिथे सांधलेली असतात तो जोड वर आलाय किंवा तडा गेलाय. तुटलंच तर एका बाजूला सरका, बंद करा, आणि चाकं पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका. या यंत्राचा सगळा इतिहासच जोडाचा आहे, बरं का. कल्पनेचं पेटंट विल्यम न्यूबेरी यांनी इंग्लंडमध्ये १८०९ साली घेतलं, पण टिकणारं ब्लेडच बनत नव्हतं. १८४६ साली फ्रान्सच्या ॲन पोलिन क्रेपिन या बाईंनी जोड सांधायच्या पद्धतीचं पेटंट मागितलं, तेव्हा कुठे बँडसॉ कामाचा झाला. म्हणून दहा रुपये स्वस्त जोडणाऱ्याकडे जाऊ नका.

आंब्याला चीक आहे. तो दात्यांच्या मुळाशी साचला की धार असूनही ब्लेड बोथट वाटतं. आठवड्यातून एकदा ब्लेड काढून रॉकेलने किंवा कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासा, कोरडं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. आमच्या कोकणी पावसाळ्यात तेल नसेल तर दोन दिवसांत तांबेरा चढतो. सागाने धार फार लवकर जाते, कारण त्यात वाळूतली सिलिका असते. आणि जुन्या वाड्याचं लाकूड आलं तर आधी त्यावरून मोठं चुंबक फिरवा. एक खिळा अख्खं ब्लेड खलास करतो.

धार साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला घरी लावता येते. जोडाजवळच्या दात्याला खडूची खूण करा, त्रिकोणी कानशीने प्रत्येक दात्याला सारखेच घासे द्या, दोन म्हणजे दोनच. एका बाजूला जास्त घासलं की काप त्या बाजूला ओढतो. तीन-चार वेळा धार झाली की फाक कमी होतो, तेव्हा सेट करणाऱ्याकडे द्या. दाते कडक केलेल्या ब्लेडवर मात्र कानस चालतच नाही, ती निसटते. ते झिजलं की बदलायचं.

तुटलेली ब्लेडं टाकून दिली नसतील तर त्यांची टोकं आधी पाहा. जोडावरच तुटलं असेल तर जोडणारा बदला. तडा दात्यांच्या खाचेतून सुरू झाला असेल तर जाडी, ताण आणि बोथट धार यांपैकी काहीतरी आहे. मागच्या कडेपासून असेल तर मागचं बेअरिंग आणि तुमची वळणं तपासा. जाडीचं माप आणि तडा कुठून गेलाय तेवढं खाली लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.