कारागृहात गोळ्या थांबल्या तर?

प्रश्न : माझी धाकटी जाऊ न्यायाधीन बंदी म्हणून कारागृहात आहे. अटकेआधी ती एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या नियमित घेत होती. आत गेल्यापासून नऊ दिवस गोळी नाही. बराकीत बोभाटा होईल म्हणून तिने डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. काय करावं?

उत्तर : आधी गोळी सुरू होऊ द्या, बाकीचं मागाहून. एआरटीची नेहमीची गोळी टीएलडी, म्हणजे टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम, रोज एकच गोळी. ती बंद पडली की काही आठवड्यांत रक्तातले विषाणू पुन्हा वाढू लागतात.

सगळ्यात जवळची वाट म्हणजे तिनेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकांतात सांगणं आणि आपल्या एआरटी केंद्राचं नाव देणं. केंद्रात तिची नोंद असते. तुम्ही कागद मागायला गेलात तर तिच्या लेखी संमतीशिवाय ते मिळणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वकिलांमार्फत तिची सही घ्या. औषधांचं पत्र बंद पाकिटात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे द्या, पोच घ्या, पाकिटावर आजाराचं नाव नको. मुलाखतीच्या जाळीपाशी तर हा विषय काढूच नका. चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन घ्यायच्या नाहीत.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. रक्तवाढीची लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी टीएलडीबरोबर घेतली तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. टीएलडी आधी घ्यावी, लोह दोन तासांनी. लोह आधी घेतलं असेल तर सहा तास थांबावं. क्षयाची रिफाम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्राविर 50 ची आणखी एक गोळी लागते.

जामिनाचा हुकूम आला की घाईत औषधं आतच राहतात. सुटताना गोळ्या आणि केंद्राची चिठ्ठी हातात मिळावी, हे आजच सांगून ठेवा.

प्रश्न : महिला बराकीत सगळ्या बायकाच. तिथे एचआयव्हीचा धोका कसला? प्रत्येकीची सक्तीने तपासणी का करत नाहीत?

उत्तर : बायकाबायकांतल्या संबंधांतून लागण क्वचितच होते. धोका मुख्यतः फाटकाच्या दोन्ही बाजूंना असतो : अटकेआधीचे निरोधाविना संबंध, नशेची एकच सुई, आणि सुटल्यावर पुन्हा तेच घर, तोच जोडीदार. आत गोंदणासाठी एकच सुई फिरली तर मात्र तोही धोकाच.

सक्ती कायद्यात बसत नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्यानुसार तपासणीला संमती लागते. त्याच कायद्याचं 31 वं कलम कोठडीतल्या प्रत्येकाला तपासणी, समुपदेशन आणि उपचारांचा हक्क देतं. सक्ती झाली की बायका पूर्वेतिहास लपवतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शिवाय आल्या दिवशीचा एकच निगेटिव्ह अहवाल पुरत नाही. लागण ताजी असेल तर चाचणीत ती दिसायला तीन महिने लागू शकतात, म्हणून तपासणीसाठी पुन्हा विचारायला हवं. गर्भवतीच्या बाबतीत तर दिरंगाई नकोच : उपचार वेळेत सुरू झाले तर बाळाला लागण होण्याची शक्यता 5 टक्क्यांखाली आणता येते. बाळाची पहिली पीसीआर चाचणी, म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणारी चाचणी, सहाव्या आठवड्यात होते. ती तारीख आईच्या कारागृहातल्या आरोग्यपत्रकावर लिहिलेली असायला हवी. माहितीसाठी 1097 हा क्रमांक मोफत आहे.