पीसीटीचा वाळवंटी टप्पा सह्याद्रीत भटकणाऱ्याला झेपेल का?

"पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचे पहिले ७०० मैल वाळवंटातले आहेत म्हणे. मी भर मे महिन्यात सह्याद्रीत किल्ले चढतो. मला काय अवघड जाणार?" असं तुम्ही विचारलंय. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, म्हणजेच पीसीटी, ही अमेरिकेच्या पश्चिमेकडची मेक्सिको सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी लांब पायवाट; तिची दक्षिणेकडची सुरुवात म्हणजे हा वाळवंटी टप्पा.

पायांना झेपेल. डोकं शिणेल ते पाण्याच्या हिशोबाने.

आपल्याकडे घामाने शर्ट ओलाचिंब होतो, त्यामुळे तहान विसरता येत नाही. तिथली हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही. दुपारी सॅक उतरवली की पट्ट्यांखाली मिठाचे पांढरे पट्टे उठलेले असतात, तेव्हा कळतं अंगातून किती पाणी गेलंय ते. सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग ही साधारण ३८ किलोमीटरची चाल, वाटेत नैसर्गिक पाणी नाही. मध्ये स्वयंसेवक बाटल्या ठेवतात, पण त्या भरवशावर निघू नका. पाच-सहा लिटर पाठीवर घ्यायचं, पहाटे अंधारात सुटायचं आणि दुपारी झुडपाच्या सावलीत पडून राहायचं. चंदेरी छत्री नेली तर लोक हसतील, हसू द्या.

दुसरं म्हणजे, नाव वाळवंट असलं तरी निम्मा खेळ डोंगरांचा आहे. माउंट बेडन-पॉवेल २८०० मीटरच्या वर आहे, आणि सॅन हसिंटो डोंगरावर एप्रिलमध्येही बर्फ सापडतो. तिथून फुलर रिजवरून स्नो क्रीकला उतरताना जवळजवळ २००० मीटर खाली यावं लागतं. गुडघ्यांची खरी परीक्षा तिथे.

मला सगळ्यात जास्त आवडला तो मोहावी वाळवंटातला ॲक्विडक्टचा पट्टा, जो बहुतेक जण रात्री चालतात. १९१३ पासून ओवेन्स खोऱ्यातलं पाणी लॉस एंजेलिसला नेणारा हा कालवा तिथे काँक्रीटने झाकलाय आणि वाट त्याच्यावरूनच जाते. पायाखालून एका अख्ख्या शहराचं पाणी वाहतंय आणि आपण बाटलीतले घोट मोजतोय! पुढे तेहाचापीच्या पवनचक्क्यांजवळ तंबू ठोकणं हा वेगळाच वैताग. वारा एकही खुंटी टिकू देत नाही.

शेवटी साउथ फोर्क कर्न नदी लागते आणि लगेच केनेडी मेडोज, वाळवंटी टप्पा संपतो ती छोटी वस्ती. दुकानाच्या ओट्यावर बसलेले ट्रेकर येणाऱ्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवतात. हातात थंड सोडा येतो आणि मागोमाग अस्वलापासून अन्न वाचवायचा किलोभर वजनाचा डबा! पुढे सिएरा नेवाडाच्या उंच डोंगररांगेत तो लागतोच. म्हणजे पाण्याचं ओझं उतरतं न उतरतं तोच डब्याचं चढतं.

म्हणून परमिटसाठी तारीख निवडताना फक्त उन्हाचा विचार करू नका. मार्चमध्ये निघून झपाझप चालत आलात, तर ऊन चुकेल खरं, पण पुढे सिएरातला बर्फ वितळलेला नसेल. एप्रिलचा उत्तरार्ध धरा.